खोटं बोललो, पण फसवलं नाही

अर्धविराम
गेल्या आठवड्यात घरात एका शब्दावरून जुंपली, ती इथे मांडते. आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले होते. त्यातला एक आकडा बरा नव्हता. दादाने तिला सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे." मी शेजारी उभी होते, मीही मान डोलावली. चार दिवसांनी कपाटातल्या पिशवीत तिला तो कागद सापडला. चष्मा लावून, प्रत्येक ओळीखाली बोट धरून तिने तो वाचला, होता तशीच घडी घातली आणि म्हणाली, "तुम्ही दोघांनी मला फसवलंत."

दादा लगेच म्हणाला, "आई, खोटं बोललो, कबूल. पण फसवलं नाही."
"काय फरक आहे?"
दादा गप्प. मीही गप्प.

रात्री झोप येईना म्हणून वहीत शब्द लिहायला बसले. खोटं, थाप, लबाडी, फसवणूक, ठकवणं, गंडवणं, दगा, कपट, ढोंग, सोंग, कांगावा... दोन पानं भरली. कुठला शब्द कुठे बसतो हे कानाला बरोबर कळतं, पण सांगायला गेलं की जीभ अडखळते. मला एवढंच सुचलं की खोटं हे वाक्याला लागतं आणि फसवणूक माणसाला. वाक्य खोटं असतं, माणूस फसतो. दादाचं म्हणणं बहुधा हेच असावं. तुम्हाला काय वाटतं?

साडेसात
वाक्यालाच का? नाणं खोटं असतं, दागिना खोटा असतो. अंदाज खोटा ठरतो, त्यात अंदाज करणाऱ्याची काही लबाडी नसते. "मला चारचौघांत खोटं पाडू नकोस" यात तर बोलणारा बहुतेक वेळा खराच असतो. म्हणजे 'खोटं' या शब्दाला हेतूच लागत नाही. जे तपासून पाहिल्यावर टिकत नाही ते खोटं. म्हणूनच 'खरंखोटं करणं' म्हणजे पडताळून पाहणं.

'असत्य' तेच, फक्त इस्त्री केलेलं. घरात कुणी कुणाला "तू असत्य बोलतोस" म्हणत नाही. म्हणालंच तर समजावं की भांडण संपलंय आणि नाटक सुरू झालंय.

अवांतर: खोट्याला जोर द्यायला आपण कोणते शब्द वापरतो पाहा. साफ खोटं, शुद्ध थाप, निव्वळ थाप, निखालस खोटं. सगळे स्वच्छतेचे शब्द! 'निखालस' म्हणजे मुळात भेसळ नसलेलं. एकटा 'धादांत' तेवढा खोट्यासाठी राखीव. धादांत खरं कधी ऐकलंय?

घड्याळजी
छान धागा. थापेबद्दल मला बोलू द्या, त्यात माझी उमेदवारी झाली आहे.

माझ्या पहिल्या नोकरीत एक ज्येष्ठ सहकारी होते. रोज दुपारी टेबलावर दोन्ही कोपरं टेकून सुरू करायचे, "तुम्हाला सांगतो, आमच्या लहानपणी..." आणि मग त्यांच्या विहिरीतली मगर, त्यांनी पोहून पार केलेला पूर, त्यांच्या हस्ताक्षरावर खूश होऊन साहेबाने भेट दिलेलं पेन. मगर दरवर्षी फूटभर वाढायची. आम्ही सगळे ऐकायचो. एकदा एका नव्या मुलाने विचारलं, "पण विहिरीत मगर आली कुठून?" तर आम्हीच त्याच्यावर डोळे वटारले. ही थाप. ती मारणाऱ्याला काही मिळत नाही आणि ऐकणाऱ्याचं काही जात नाही.

'बाता' थापेच्या जवळच्या, पण त्यांचा रोख स्वतःच्या मोठेपणाकडे आणि बहुतेकदा भविष्याकडे असतो. "मी मनात आणलं असतं तर" इथून सुरू होतात त्या बाता. 'लोणकढी थाप' म्हणजे लोणकढ्या तुपासारखी ताजी, जागच्या जागी कढवलेली आणि घशाखाली अलगद उतरणारी. आणि थापेच्या मागे 'भूल' जोडलात की खेळ संपला. भूलथापांना माणूस बळीच पडतो. भूलथापा ऐकून कुणी हसल्याचं आठवत नाही.

क्रियापदंही सांभाळा. थाप मारतात. 'थाप दिली' म्हटलंत तर ती पाठीवर पडेल. पुडी सोडतात आणि लांबून गंमत बघतात. आवई उठते, वावडी उठवतात, कंड्या पिकवतात. या तिघींना बाप नसतो. कुणी उठवली हे शेवटपर्यंत कळत नाही, हाच त्यांचा गुण. गंडा घालतात, दगा देतात, चुना लावतात, हूल देतात, आव आणतात. इथे क्रियापद चुकलं की बोलणारा नवखा हे कळतंच.

पाटीपेन्सिल
मगर आवडली.

लहान मुलांचं व्याकरण यात वेगळंच आहे. माझी पाच वर्षांची भाची काल बाहुलीला इंजेक्शन देत होती. मी म्हटलं, "अगं, तिला दुखेल." ती अगदी हळू आवाजात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, खोटं खोटं आहे." बाहुलीला ऐकू जाऊ नये म्हणून हळू! एकदा 'खोटं' म्हटलं तर गुन्हा आणि दोनदा म्हटलं तर खेळ. मात्र 'खोटंनाटं' झालं की परत गुन्हा, आणि तोही चुगलीच्या अंगाने जाणारा.

'लबाड'चंही तसंच. मुलाचा गाल ओढत "लबाड कुठला!" म्हणताना त्यात कौतुक असतं. तोच शब्द मोठ्या माणसाच्या माघारी म्हटला की त्याच्याशी व्यवहार करू नये असा अर्थ होतो. माझ्या मते लबाडीत फायदा असावाच लागतो, भले तो एका गोळीचा असेना. नुसतं खोटं बोलणारा माणूस लबाड नसतो. कित्येकदा तो भित्रा असतो.

आणि 'लटका राग'! जुन्या संतवाणीत 'लटिकें' म्हणजे सरळ खोटं, फोल. आज लटकं म्हणावं असं फक्त रागावणं उरलंय, तेही ज्याच्यावर रागवायचं त्याला आधीच माहीत असलेलं.

टाचणी
वकिली करतो, त्यामुळे अर्धविराम यांच्या दादाचा बचाव मला ओळखीचा वाटला. आमच्याकडे रोज कुणीतरी हेच म्हणत येतो.

कायद्याच्या मराठीत 'फसवणूक' नाही, 'ठकवणूक' आहे. कलम ४२० सगळ्यांना पाठ असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते ३१८(४) झालं; शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. (पण 'चारसोबीस माणूस' काही जात नाही. 'तीनशेअठरा माणूस' कोण म्हणणार?) ठकवणुकीत नुसतं खोटं बोलून भागत नाही. त्या खोट्याला भुलून समोरच्याने काहीतरी दिलं पाहिजे, केलं पाहिजे किंवा करायचं टाळलं पाहिजे. शिवाय मनात खोट पहिल्यापासून हवी.

या 'पहिल्यापासून'वर निम्मे खटले पडतात. अशील सांगतो, "साहेब, त्याने मला फसवलं." विचारत गेलं की कळतं, समोरच्याने उसने घेतले तेव्हा परत करायचे मनात होते, पुढे धंदा बसला. त्याला आपल्याकडे फार चांगला वेगळा शब्द आहे: बुडवणं. पैसे बुडवले आणि पैशाला फसवलं यात कायद्याने मोठं अंतर आहे, बोलण्यात मात्र रागाच्या भरात ते पुसलं जातं.

सोपवलेलं खाल्लं तर 'अपहार', हिशेबात फिरवाफिरव केली तर 'अफरातफर', दुसराच कुणी असल्याचं भासवलं तर 'तोतयेगिरी', कागद खोटा केला तर 'बनावटीकरण'. वर्तमानपत्रांनी या सगळ्याला मिळून 'गंडा' शब्द ठरवलाय आणि त्याच्या अलीकडे आकडा हवाच. आकड्याशिवाय गंडा छापून आलेला पाहिलाय का कुणी?

साडेसात
@टाचणी, म्हणजे कायद्याने दादा सुटला?

टाचणी
आईने त्या खोट्यापायी काही करायचं टाळलं असेल, समजा पुढची तपासणी, आणि त्यात तिचं नुकसान झालं असेल, तर मी दादाला फार बोलू नकोस असं सांगेन. हलके घ्या.

मोडी लिपी
'छळ' या शब्दाची गंमत कुणी काढली नाही म्हणून लिहिते. संस्कृतात 'छल' म्हणजे कपट, हिंदीतही तेच. मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ त्रास देणं झाला. "सासरी छळ झाला" यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. जुना अर्थ 'छळकपट' या जोडशब्दात तेवढा अडकून राहिलाय. 'प्रतारणा'च्या बाबतीत उलट: मराठीत ती विश्वासाची होते, पण हिंदीतली 'प्रताड़ना' म्हणजे जाच. आवाजाच्या सारखेपणामुळे हल्ली मराठीतही कुणी कुणी जाच या अर्थाने 'प्रतारणा' लिहून जातं.

न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत 'छल' हा एक आहे. पदार्थ म्हणजे तिथे विचारात घ्यायचे विषय. वादात समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ काढणं म्हणजे छल. त्याचं ठरलेलं उदाहरण 'नवकंबल'. एक जण म्हणतो, हा मनुष्य नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, कुठे आहेत नऊ? मला तर एकच दिसते. हा झाला 'वाक्छल'. त्याच यादीत जल्प (फक्त जिंकण्यासाठी घातलेला वाद) आणि वितंडाही (स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडणं) आहेत. त्यांची उदाहरणं द्यायची गरज नाही, या संकेतस्थळावर जुने धागे भरपूर आहेत.

आता माझं रडगाणं. धोका! मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता. धोक्याचं वळण, धोक्याची सूचना. पण आता मालिकांमधली प्रत्येक नायिका "तू मला धोका दिलास" म्हणते. अगं बाई, दगा देतात. धोका पत्करतात.

चार्जर
आमच्या पिढीत 'धोका दिला' चालतं हो, दोन्ही अर्थ संदर्भाने कळतात. भाषा बदलणारच.

मी आलो होतो ते 'फसणं'साठी. बेत फसला, प्रयोग फसला, डाव फसला. इथे कुणी कुणाला फसवलं? कुणीच नाही. फसणं म्हणजे नुसतं न जमणं. आणि आता आम्ही 'गंडणं' तसंच वापरतो. "सर्व्हर गंडला", "पेपर गंडला". आधीच्या पिढीत माणूस गंडायचा, आता वस्तू गंडतात. दोन वेगवेगळे शब्द एकाच वाटेने गेले: आधी ठकणं, मग बिघडणं. उलट 'फसवा' बघा, त्यात बिघाड नाही आणि फसवणाराही नाही. फसवी शांतता, फसवा उतार. शांततेचा काय हेतू असणार?

मोडी लिपी
@चार्जर, हे सुंदर निरीक्षण आहे. धोक्याबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे.

काळी शाई
इतिहासाकडून दोन शब्द.

'कपट' म्हटलं की तोंड कडू होतं, 'कावा' म्हटलं की नाही. 'गनिमी कावा' आपण अभिमानाने सांगतो. पण गनीम म्हणजे शत्रू! ज्यांना तो कावा सोसावा लागला त्यांच्या नजरेतून पडलेलं नाव आपण छातीवर बिल्ल्यासारखं लावून घेतलं. तरीही 'कावेबाज' ही शिवीच राहिली. कमी बळाच्या माणसाने जास्त बळाच्या माणसाला चकवलं की कावा, बरोबरीच्या माणसाला चकवलं की कावेबाजपणा, असं काहीसं आपण मनात ठरवलेलं दिसतं. 'चकवणं' स्वतः निर्दोष आहे. खेळाडू चकवतो, चेंडू चकवतो, रानातला चकवा वाट चुकवतो.

'दगा' मात्र आपल्या माणसाकडूनच होतो. शत्रू हल्ला करतो, दगा देत नाही. दगा द्यायला आधी भरवसा लागतो. 'फितूर' त्याच्याही पुढचा: तो आपली बाजूच बदलतो. कोर्टात "साक्षीदार फितूर झाला" म्हणतात तेव्हा तो आता खोटं बोलतोय की आधी बोलला होता हे शब्द सांगतच नाही, तो उठून पलीकडे जाऊन बसला एवढंच सांगतो.

आणि 'तोतया'. बनावट नोट, नकली औषध, खोटा दागिना, पण तोतया फक्त माणूस. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत आहेत ही आशा पुण्यात बरीच वर्षं रेंगाळली, आणि त्या आशेवर भाऊ म्हणून एक जण उभा राहिला. त्याच्यामागे माणसंही जमली. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. माझ्या मते त्या प्रकरणातली खरी गोष्ट तोतयाची नाहीच, ज्यांना फसायचं होतं त्यांची आहे. 'फसवून घेणं' हे क्रियापद अशाच लोकांसाठी असावं.

एक विनंती. वरच्या यादीत कुणी 'भामटा' घातला नाही याचं बरं वाटलं, पण बातम्यांच्या मथळ्यांत तो सर्रास येतो. भामटा हे एका समाजाचंही नाव आहे. राजपूत भामटा आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शब्द राहिला. 'ठक' आहे, 'लुच्चा' आहे, 'लफंगा' आहे. तेवढे पुरेत.

घड्याळजी
भामट्याचं माहीत नव्हतं, आजवर बिनदिक्कत वापरत आलो. लक्षात ठेवीन.

सोंग आणि ढोंग यांत काय फरक सांगाल? मला वाटतं, सोंगात समोरच्याला ठाऊक असतं. दशावतारातला राक्षस हा सोंग आहे हे सगळ्या गावाला माहीत. ढोंग उघडं पडलं की संपतं.

साडेसात
असहमत. झोपेचं सोंग घेतलेल्याचं काय? तिथे समोरच्याला कळू नये हाच उद्देश आहे. आजारपणाचं सोंगही असतं आणि ढोंगही. मला फरक असा दिसतो की सोंग अंगावर असतं आणि ढोंग स्वभावात. म्हणून 'ढोंगी माणूस' ही कायमची पाटी आहे, 'सोंगाड्या' हा तर कलावंत झाला. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, पण ढोंग? ते लोक हप्त्यांवर आणतातच.

घड्याळजी
हप्त्यांवर! मान्य. माघार घेतो.

पाटीपेन्सिल
खोट्या आशेचे तीन वाक्प्रचार मला फार आवडतात. मधाचं बोट लावलं तर निदान चव कळते. कोपराला गूळ लावला तर तो दिसतो, वासही येतो, आणि जीभ कधीच पोचत नाही. करून बघा आत्ता. (बघितलंत ना?) आणि तोंडाला पानं पुसली की जेवणावळ उठलेली असते, म्हणजे हे सगळ्यात शेवटी कळतं. आश्वासन देताना मध, वाट बघायला लावताना गूळ, निकालाच्या दिवशी पानं. केसाने गळा कापणं या तिघांत येत नाही. तिथे आशा नसते, भरवसा असतो, आणि कापला गेल्याचं कळायलाही वेळ लागतो.

'कांगावा' राहिला. स्वतः चिमटा काढून स्वतःच "मारलं, मारलं" ओरडणं. वर्गात याचे रोज दोन प्रयोग होतात.

काळी शाई
मूळ प्रश्नाकडे परत येतो. 'नरो वा कुंजरो वा' आठवतंय? अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. धर्मराज म्हणाला, अश्वत्थामा मेला, आणि 'हत्ती' हे पुटपुटला. शब्दांच्या हिशेबाने बघा, एकही शब्द खोटा नाही. द्रोणांची फसवणूक मात्र पुरेपूर झाली, त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ तिथेच खाली टेकला. म्हणजे अर्धविराम, तुमच्या दादाच्या बरोबर उलट: तो म्हणतो खोटं बोललो पण फसवलं नाही; धर्मराज खोटं बोलला नाही आणि फसवलं.

आणि आज आपण हा वाक्प्रचार कशासाठी वापरतो? कुणी धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही, त्यासाठी. पुढाऱ्याने 'नरो वा कुंजरो वा' भूमिका घेतली म्हणजे तो कुंपणावर बसला. ज्या वाक्याने एका बापाचा जीव घेतला ते आपण संदिग्धपणाच्या खात्यात टाकून मोकळे झालो.

चार्जर
बाप रे. हे कधी लक्षातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

टाचणी
आमच्या शपथेत म्हणूनच तीन भाग असतात: खरं सांगेन, सगळं सांगेन, आणि खऱ्याखेरीज काही सांगणार नाही. त्यातला 'सगळं सांगेन' हा भाग धर्मराजासाठीच घातला असावा.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. मगरीला हसली. कोपराच्या गुळाला तिने खरंच कोपर वर करून बघितलं. दादाही होता, धर्मराजाशी तुलना झाल्याने जरा खुशीत होता; मी त्याला "उलट आहे ते" म्हणून आठवण दिली.

मग तिला विचारलं, यातला कुठला शब्द? दादा म्हणाला, "थाप म्हण ना, सौम्य आहे." ती म्हणाली, "थापेत मला हसू आलं असतं." लबाडी नाही म्हणाली, तुमचा काय फायदा होता त्यात. दगा तर नाहीच. फसवणूक हा शब्द तिने स्वतःहून मागे घेतला. थोडा वेळ चष्म्याची काडी उघडझाप करत बसली आणि म्हणाली, "तुम्ही मला अंधारात ठेवलंत."

पुढची तपासणी मंगळवारी आहे. रिपोर्ट आणायला ती स्वतः येणार आहे.

साडेसात
अंधारात ठेवणं! एवढ्या मोठ्या यादीत हा कुणालाच सुचला नाही?

घड्याळजी
कारण आपण सगळे बोलण्याचे शब्द शोधत होतो. हा न बोलण्याचा आहे. आईंना माझा नमस्कार सांगा.

मोडी लिपी
मंगळवारचं कळवा गं.

चार्जर
जाता जाता: आमची आजी "माझी खोटी झाली" म्हणायची, म्हणजे खोळंबा झाला. या 'खोटी'चा आणि आपल्या 'खोटं'चा काही संबंध आहे का?

मोडी लिपी
शब्द जुनाच आहे, 'कामाची खोटी' असंही म्हणतात. नवीन धागा काढ, इथे आता सगळ्यांचीच खोटी होतेय.